तलावातले अठरा नग

कोर्टाच्या कागदांवर माझ्या वडिलांच्या नावामागे सहा वर्षं 'आरोपी' लिहिलेलं असायचं आणि फिर्यादी म्हणून नाव होतं त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं. आरोप असा की आजोबांनी मरताना बहिणीसाठी म्हणून भावाच्या हवाली केलेलं सागवान भावाने परस्पर विकून खाल्लं. समन्सवर 'फौजदारीपात्र न्यासभंग' असे शब्द होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून अब्बांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि अर्थ विचारला. मी सांगितलं, अमानत में खयानत, ठेवीत दगा. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

लाकूड विकलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, अम्मीला माहीत होतं आणि तलावात मासे धरणाऱ्या एका ढिवर म्हाताऱ्याला माहीत होतं. आजोबांनी ठेवलेले अठराच्या अठरा ओंडके गावच्या तलावात, गाळात दाबून, वर दगड ठेवून पडलेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण यात रहस्य असं काही नव्हतं. होती ती एक घोडचूक आणि दोन हट्टी माणसं. दोघंही माझीच, त्यामुळे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आजोबा सुतार, अब्बाही सुतार. आजोबा आपल्या काळात वनखात्याच्या आलापल्लीच्या डेपोत लिलावाला जायचे आणि ओंडके निवडून आणायचे. डेपोतल्या प्रत्येक ओंडक्याच्या कापल्या तोंडावर वनखात्याच्या लोखंडी हातोड्याचा शिक्का मारलेला असतो आणि नगाचा नंबर टाकलेला असतो. तोच नंबर वाहतूक परवान्यावर. शिक्का आणि परवाना जुळले तर लाकूड तुमचं, नाही जुळले तर तुम्ही लाकूडचोर. आमच्या भागात माणूस एकवेळ बिनकागदाचा जन्म काढेल, पण सागवानाला ते जमत नाही.

आजोबांनी कारखाना आणि घर अब्बांना दिलं. फुफीच्या, म्हणजे अब्बांच्या या धाकट्या बहिणीच्या, वाट्याला त्यांनी अठरा नग ठेवले, सगळे सरळ, गाभ्याचे, स्वतः निवडलेले. फुफीचे मियां सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात शेतमजूर होते, राहायला तिथलंच क्वार्टर. निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर सोडावं लागणार हे आजोबांना लग्न ठरवतानाच दिसत होतं. खांब, आडव्या मयाली, छपराचे फाटे, दारांच्या चौकटी, चार खोल्यांचं कवेलूच्या छपराचं घर त्या अठरा नगांत बसतं, असा त्यांचा हिशेब होता. मरणाच्या आठवड्यात त्यांनी मशिदीच्या मौलवींना आणि जमातीतल्या एका वडीलधाऱ्याला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं की मुलगी घर बांधेल तेव्हा लाकूड तिचं, तोवर भावापाशी अमानत.

अमानत हा आमच्याकडे मोठा शब्द नव्हता. कारखान्याच्या माळ्यावर गावाच्या अमानती पडलेल्या असायच्या. मजुरीला परगावी जाणाऱ्याची पेटी, कोणाच्या मुलीसाठी घेतलेली भांडी, सासरी भांडून आलेल्या बाईचे फडक्यात बांधलेल्या तोरड्या. चहावाल्याने तर मुलाचे शाळेचे दाखले आमच्याकडे ठेवले होते, कारण त्याच्या घरात छप्पर गळायचं. अब्बा कोणतीही वस्तू उघडून पाहत नसत आणि कोणालाही पावती देत नसत. लोक येत, ठेवत, नेत. गावात त्यांना मान होता तो सुतारकीपेक्षा या माळ्यामुळे जास्त होता, असं मला वाटतं.

आजोबा गेल्यावर ओंडके अंगणात दोन उन्हाळे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. ओंडक्यांची तोंडं तडकायला लागली. आजोबांची शिकवण अशी होती की तडा आपल्या मनाने थांबत नाही, आत चालत जातो. म्हणून तडकलेलं टोक चार बोटं कापून टाकायचं, नव्या तोंडाला डांबर फासायचं आणि लाकूड तलावाच्या गाळात दाबायचं. मग त्याला ना किडा लागतो ना ऊन. अब्बांनी तेच केलं. मी तेव्हा डी.एड.ला होते आणि सुट्टीत घरी आले होते, डांबराचा कुंचला माझ्याच हातात होता. तलावाची मासेमारी ज्यांच्याकडे होती त्या ढिवरांतला एक म्हातारा आमच्या घरोब्याचा. त्याने आपली माणसं लावली, डोंग्याला बांधून एकेक ओंडका खोल पाण्यात नेला आणि दिवस मावळायच्या आत सगळे नग तळाशी गेले. तेव्हा तो काही आजच्यासारखा म्हातारा नव्हता, पण मला तो कायम म्हाताराच आठवतो.

कापलेल्या टोकांच्या चकत्या अंगणात पडल्या होत्या. भाकरीएवढ्या गोल, चार बोटं जाड. ज्याला हवी त्याने उचलली, कोणी मटण तोडायला, कोणी माठाखाली ठेवायला. उरलेल्या अम्मीने पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. वनखात्याचे शिक्के त्या चकत्यांवरच होते. म्हणजे सरकारचा शिक्का आठवडाभर आमच्या आंघोळीच्या पाण्याखाली जळत होता आणि घरातल्या एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. कापताना अब्बांना फक्त तडा दिसत होता. बहिणीचं लाकूड आहे, त्याला काही होता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्याच काळजीपोटी त्यांनी ते लाकूड बेवारस करून टाकलं.

हे कळलं काही वर्षांनी, फुफी एका ईदला आली आणि म्हणाली की मियांची निवृत्ती जवळ आली, प्लॉट घेतला आहे, आता लाकूड लागेल. अब्बा खुशीत परवान्याचे जुने कागद घेऊन वनखात्याच्या ऑफिसात गेले. लाकूड सिंदेवाहीला न्यायचं तर नवा परवाना लागतो. तिथल्या बाबूने कागद पाहिले, ठीक आहेत म्हणाला, वनपाल येऊन शिक्के आणि नंबर तपासून जाईल. अब्बा सायकलवरून अर्ध्या वाटेत आले आणि तिथे त्यांना कापलेली टोकं आठवली. बाकीची वाट ते सायकल हातात धरून पायी आले. त्या दिवशी जेवताना त्यांनी अम्मीला आणि मला सांगितलं आणि वर बजावलं की फुफीला यातलं अक्षर सांगायचं नाही.

का सांगायचं नाही, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. माझा अंदाज असा की त्यांना लाज वाटत होती. फुफीही सुताराचीच लेक. शिक्क्याचं तोंड कापू नये हे तिलाही कळत होतं आणि अख्ख्या तालुक्यात ज्याला मिस्त्री म्हणत त्याने ते कापलं होतं. शिवाय फुफीच्या मियांच्या पोटात गोष्ट राहत नसे, संध्याकाळच्या आत भाताच्या बांधाबांधावर झाली असती. अब्बांना वाटत होतं, आपण ओळखीपाळखीतून मार्ग काढू आणि मगच बोलू. ते ऑफिसात जाऊन 'एका माणसाच्या' लाकडाबद्दल विचारत. शिक्का नसलेलं लाकूड म्हणजे शिक्का नसलेलं लाकूड, एवढंच उत्तर दर वेळी मिळत असे.

फुफी विचारायची, लाकूड कुठे आहे. अब्बा म्हणायचे, आहे. ती म्हणायची, दाखव. ते म्हणायचे, आहे म्हटलं ना, थोडं थांब. असं वर्षभर चाललं. अंगण तर तिला रिकामंच दिसत होतं. त्याच वर्षी अब्बांनी एका मोठ्या ऑफिसची कपाटं बनवून दिली होती, तीही सागवानाची, आणि ते तिला कोणीतरी पोचवलं. मियां निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, दोघं सिंदेवाहीतच भाड्याच्या एका खोलीत गेले. तिथून दोन महिन्यांत फुफीने फिर्याद केली. आज मी तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहते तर मीही केली असती, कदाचित आधीच.

आमचा वकील भला माणूस होता. अब्बांनी त्याला खरं सांगितलं तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. लाकूड दाखवलं तर वनखात्याचा गुन्हा, लाकूड जप्त आणि वर कारखान्याचा परवाना धोक्यात. न दाखवलं तर ही फौजदारी. इकडे आड तिकडे विहीर. त्याचा सल्ला होता की तोंड उघडायचं नाही, लाकूड दिलं होतं हे बहिणीला सिद्ध करू द्या. कायद्याच्या दृष्टीने तो सल्ला पक्का होता. त्या सल्ल्याने आमच्या घराचं काय होईल हे वकिलाला विचारायचं नसतं.

केस चालू झाली तेव्हा माझी नेमणूक भामरागडकडच्या एका शाळेवर होती. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, टपाल बंद. त्या महिन्यांत तारीख पडली की केस मिटली, काही कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते महिने बरे वाटायचे. दिवाळीच्या सुट्टीत घरी यावं तर माळा आणखी रिकामा झालेला असायचा.

लोक काही बोलत नसत. पेटीवाल्याला अचानक पेटी लागायची. भांडी ठेवलेली बाई म्हणायची, भाची आली आहे, तिला दाखवायची आहेत. चहावाला दाखले न्यायला आला तेव्हा त्याने मुलाच्या ॲडमिशनचं कारण सांगितलं. तो मुलगा तर केव्हाच शाळा सोडून हॉटेलात कप धुवत होता. अब्बा शिडी लावून स्वतः वर चढायचे, वस्तू फुंकर मारून द्यायचे आणि चहा घेऊन जा म्हणायचे. कोणी घेतला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी आमच्या घरात रोज पाहिला. तिसऱ्या वर्षी माझी बदली गावाजवळ झाली तोवर माळ्यावर आमच्याच दोन मोडक्या खुर्च्या उरल्या होत्या.

फुफीची उलटतपासणी झाली त्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेले होते. फुफी दोन एसट्या बदलून आली होती. पिंजऱ्यात उभी राहण्याआधी तिने चपला बाहेर काढल्या. कोर्टात चपला काढायच्या नसतात, पण शिपायाने काही म्हटलं नाही. आमच्या वकिलाने सौम्य आवाजात तिला विचारलं की तुमच्या वडिलांनी असं कोणतंही लाकूड ठेवलेलंच नव्हतं, तुम्ही भावाच्या कारखान्यावर डोळा ठेवून हे रचलं, हे खरं आहे ना. हा प्रश्न विचारावाच लागतो, तो वकिलाचा धर्म आहे, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं. फुफीने वकिलाकडे पाहिलंच नाही. ती भावाकडे पाहत राहिली.

"तू सांग भाई," ती म्हणाली. "अब्बानं लाकूड ठेवलं नोतं?"

जज्जसाहेबांनी तिला सांगितलं की आरोपीला प्रश्न विचारता येत नाही. अब्बा आपल्या नखांत अडकलेलं पॉलिश काढत बसले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. घरी आल्यावर मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही लाकूड खाल्लं नाही पण बापाचा शब्द खाल्ला. अम्मीने मला गप्प केलं. अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत आणि मीही त्यांना उठवायला गेले नाही. ते वाक्य मी परत घेऊ शकले असते, घेतलं नाही.

त्यानंतर केस आपल्या चालीने चालली. मौलवी वारले. जमातीतल्या त्या वडीलधाऱ्यांना काही आठवेना. फुफीच्या बाजूला तिच्या शब्दाशिवाय काही उरलं नाही. वकील खुशीत म्हणाला, दोन-तीन तारखांत तुम्ही सुटणार, पुरावाच नाही. घरात कोणाला आनंद झाल्याचं मला आठवत नाही.

त्याच उन्हाळ्यात ढिवर म्हातारा आमच्या कारखान्यात आला. तो आला की आधी रंध्याच्या भुश्श्यात बसून विडी ओढायचा आणि मग बोलायचा. त्या दिवशी उभाच राहिला.

"मिस्त्रीभाऊ, तलावातला गाळ काढाची मंजुरी आली. मशीन येऊन राह्यली," तो म्हणाला. "तुमचं लाकूड मी धा-बारा वर्ष कोनाले सांगतलं नाई. मशीन सांगन."

मग त्यानेच मार्ग सुचवला. पाणी आता कमरेएवढं उरलं आहे, पोरं लावतो, दोन दिवसांत काढून पलीकडच्या काठाने कुठेही पोचवतो, कोणाला कळणार नाही. वकिलाला विचारलं तर तो कानावर हात ठेवून म्हणाला, मी हे ऐकलं नाही, पण शहाणा माणूस असंच करेल. म्हणजे अब्बांपुढे रस्ता मोकळा होता. लाकूड नाहीसं करायचं आणि कोर्टातून निर्दोष म्हणून बाहेर यायचं.

अब्बांनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मी तं सुटन. पन लाकूड तिचंच हाय ना. ते गेलं तं मंग खयानत खरी होते." मी तिथेच उभी राहिले. उलटतपासणीनंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच धड बोलत होतो. मी त्यांना म्हटलं, लाकूड दाखवलं तर वनखातं नेईल, फुफीला तरीही मिळणार नाही. ते म्हणाले, माहीत आहे.

पुढच्या तारखेला साहेबांनी आरोपीचा जबाब घेतला. शेवटी विचारतात तसं विचारलं की तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का. इथे आरोपी 'नाही' म्हणतो आणि सही करतो. अब्बा म्हणाले, "लाकूड हाय साहेब. गावच्या तलावात हाय. अठराही नग हायत. मीच ठेवले." टाइप करणारा थांबला. वकिलाने चष्मा काढून डोळे चोळले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तो मला बाहेर आल्यावर म्हणाला, पण त्याच्या आवाजात राग नव्हता. फुफी मागच्या बाकावर बसली होती. ती पदराच्या टोकाला पीळ देत राहिली.

कोर्टाच्या हुकुमाने लाकूड काढलं तेव्हा काठावर पोलीस होते, पंच होते, वनपाल होता आणि जवळजवळ अख्खं गाव होतं. ढिवरांनी दोर लावून एकेक नग ओढून आणला. काळा गाळ निथळत होता. ओळख पटवायला फुफीला बोलावलं होतं. वनपालाने परवान्याच्या कागदावरून नंबर वाचायला सुरुवात केली आणि थांबला, कारण नंबर कुठेच नव्हते. फुफी पुढे झाली. तिने पहिल्या ओंडक्याच्या तोंडावरचा गाळ पदराने पुसला. खाली डांबर निघालं. तिने दुसरा पुसला, तिसरा पुसला, मग तिथेच उकिडवी बसली. सुताराची लेक होती ती, तिला सांगावं लागलं नाही. विकायचं लाकूड कोणी असं डांबर फासून सांभाळत नाही.

"टोकं काऊन कापले भाई?" तिने विचारलं.

"तडकून राह्यले होते," अब्बा म्हणाले. "तुह्या घराचं लाकूड होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

फुफी तिथे, सगळ्या गावासमोर, हुंदके देऊन रडली. लाकडासाठी रडली की भावासाठी, मला माहीत नाही. अब्बा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण त्यांनी पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तसा हात ठेवायला काय लागतं असं मला वाटत होतं, आणि मीही जागची हलले नाही.

पुढच्या तारखेला फुफीने कोर्टाच्या परवानगीने फिर्याद मागे घेतली. वनखात्याने लाकूड जप्त करून डेपोत नेलं, अब्बांवर वेगळा गुन्हा नोंदवला, तो पुढे दंडावर मिटला. कारखान्याचा परवाना मात्र वाचला. अठरा नग सरकारजमा झाले. सहा वर्षांत एवढं झालं.

इथे सगळं संपलं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग पंधरा दिवसांनी फुफी एकटीच, कोणाला न कळवता, एसटीने आमच्या घरी आली. हातात बाजाराची पिशवी, तिच्यात काहीतरी जड. ती अब्बांपुढे बसली आणि पिशवीतून तिने एक गोल, काळपट, पाण्याने डाग पडलेली चकती काढली. टोकं कापली त्या उन्हाळ्यात ती माहेरी येऊन गेली होती आणि जाताना माठाखाली ठेवायला अंगणातली एक चकती घेऊन गेली होती. सुताराच्या अंगणात असे तुकडे कायमच पडलेले, हा कोणत्या लाकडाचा हे तिने विचारलं नव्हतं. क्वार्टरमध्ये ती माठाखाली होती. भाड्याच्या खोलीत आली तीही माठाखालीच. तलावावरून परत गेल्यावर तिने माठ धुवायला काढला आणि चकती उलटून पाहिली. खालच्या बाजूला हातोड्याचा शिक्का होता आणि नगाचा नंबर होता.

अम्मी म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. कोणी हसलं नाही. मला हसायला आलं होतं, पण ते हसू चांगलं नव्हतं. सहा वर्षं फिर्यादीच्या घरात, तिच्या पिण्याच्या पाण्याखाली, आरोपीचा पुरावा पडलेला होता. एकदा, कधीही, त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला लाकडाची गोष्ट पूर्ण सांगितली असती तर ती चकती तेव्हाच निघाली असती. अम्मीने चुलीत घातल्या त्याआधी गावात किती वाटल्या गेल्या, त्यातल्या काही तेव्हा तरी सापडल्या असत्या. आता आम्ही घरोघर विचारत फिरलो. एकही मिळाली नाही.

अब्बा आणि फुफी ती एक चकती घेऊन डेपोत गेले. मी सोबत होते. अब्बांनी अठरा तोंडांवरचं डांबर खरवडलं आणि चकती एकेकाला लावून पाहिली. अकराव्या ओंडक्याला ती बसली. गाभा जुळला, वर्षांची वलयं जुळली, तड्याची केसाएवढी रेघ चकतीतून निघून लाकडात थोडी पुढे गेली होती तीही जुळली. डेपोतल्या साहेबाने भिंग लावून पाहिलं, परवान्यावरचा नंबर पाहिला आणि बराच वेळ विचार करून वर लिहून पाठवलं. चार महिन्यांनी तो एक नग सोडण्याचा हुकूम आला. सोडताना वनखात्याने त्याच्या तोंडावर नवा शिक्का मारला.

एका नगात घर होत नाही. फुफीने दोन खोल्या विटांच्या बांधल्या आणि वर टिनाचे पत्रे टाकले. त्या एका नगाची अब्बांनी पुढच्या दाराची चौकट केली. सत्तरीला आले होते, तरी कोणाला रंधा लावू दिला नाही. नवा शिक्का मारलेलं टोक डेपोच्या उन्हात पुन्हा तडकलं होतं. आयुष्यभर तडकलेलं टोक ठेवलं नाही त्या माणसाने ते या वेळी कापलं नाही. वरच्या आडव्या लाकडाचं ते टोक तडा आणि शिक्क्यासकट भिंतीतून वीतभर बाहेर राहू दिलं. गवंडी त्यावर सिमेंट चढवायला निघाला तर फुफीने त्याला हटकलं. आजही ते तसंच दिसतं. येणारे-जाणारे सुतार हे कोणाचं काम म्हणून विचारतात आणि नाव ऐकल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

दार बसलं त्या दिवशी फुफीने नवं कुलूप आणलं. त्याच्या दोन किल्ल्या होत्या. एक तिने कमरेला खोचली. दुसरी अब्बांच्या हातात दिली.

"तुह्यापाशी राहू दे," ती म्हणाली.

अब्बांनी किल्ली घेतली आणि पाहत राहिले. सहा-सात वर्षांत कोणी त्यांच्याकडे काही ठेवलं नव्हतं. मग ते एकदम उठून हौदावर हात धुवायला गेले आणि फार वेळ हात धूत राहिले. मी त्यांच्याकडे गेले नाही, कारण ते रडत होते आणि त्यांना ते कोणी पाहिलेलं आवडलं नसतं.

अब्बा वारल्यावर त्यांच्या हत्यारांच्या पेटीत, लाकूड पोखरायच्या किकऱ्यांच्या खाली, ती किल्ली मला सापडली. रुमालात बांधलेली, तेल लावलेली, गंजाचा ठिपका नाही. मी ती घेऊन सिंदेवाहीला गेले आणि फुफीपुढे ठेवली. तिने किल्ली हातात घेऊन पाहिली, वास घेतला आणि माझ्याकडे परत सरकवली. म्हणाली, मी माझी केव्हाच हरवली, आतून कडीच लावते, कुलूप कोण लावतं. मी म्हटलं, मग तर ही तुझ्याकडेच हवी.

"नाई," फुफी म्हणाली. "ठेव तू."

मी ती घरी आणली. दर दिवाळीच्या सुट्टीत काढून तिला तेलाचं बोट लावते आणि परत ठेवते.